शेवटच्या किरणानंतर

आजारी माणूस बरें झालें असें केव्हां म्हणावें, या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरांतून फार सोपें असतें. ताप उतरला, पथ्य सुटलें, माणूस चारचौघांबरोबर पंक्तीस बसलें, कीं तें बरें झालें! आम्हांसही गेल्या वर्षापर्यंत असेंच वाटत असे. परंतु स्तनाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया व त्यानंतर किरणोपचार घेऊन आम्ही साताऱ्यास घरीं परतलों, तेव्हां हें उत्तर अपुरें ठरलें. हा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाहीं असें ज्यांस वाटेल, त्यांनीं हा लेख अवश्य शेवटपर्यंत वाचावा; कारण तो मुख्यतः त्यांच्यासाठींच लिहिला आहे.

गांठ काढून टाकल्यावरही आसपास रोगाचा एखादा सूक्ष्म अंश उरला असल्यास तो नष्ट व्हावा, म्हणून हे किरण देतात. पूर्वीं यास बहुधा पांच आठवडे लागत. आतां पुष्कळ जणींचें काम तीन आठवड्यांत, पंधरा खेपांत भागतें. आमचेंही तसेंच भागलें. पुण्यास धाकट्या दिरांकडे मुक्काम करून आठवड्यांतून पांच दिवस आम्ही रुग्णालयांत जात होतों. यंत्राखालीं निजावयाचें तें कांहीं मिनिटेंच, आणि त्या वेळीं मुळींच दुखत नाहीं. आमची गांठ डाव्या बाजूची. त्यामुळें दीर्घ श्वास घेऊन तो रोखून धरावा लागे. श्वास भरला म्हणजे हृदय किरणांच्या मार्गापासून थोडें दूर सरतें. लहानपणीं वडिलांस संध्येच्या वेळीं प्राणायाम करतांना पाहून आम्ही हंसत असूं. ती विद्या अशा ठिकाणीं उपयोगी पडेल, हें कोणास ठाऊक होतें!

पंधरावी खेप संपली, घरीं पेढे वांटले गेले आणि आठव्या दिवशीं सत्यनारायण ठरला. नेमक्या त्याच आठवड्यांत कातडी तांबडीलाल होऊन कांखेंत व स्तनाखालच्या घडींत सोलूं लागली. त्वचेवरील परिणाम शेवटच्या खेपेनंतरही एकदोन आठवडे वाढत जातो आणि मग ओसरतो, हें डॉक्टरांनीं आम्हांस बजावलें होतें. पण आम्हीं तें घरांत कोणासच सांगितलें नव्हतें. सर्वांच्या आनंदावर विरजण कशाला घाला, हा विचार.

प्रसादाचा शिरा भाजावयास नेहमींप्रमाणें आम्हीच बसलों. रवा अर्धामुर्धा भाजून झाला आणि हात थांबला. घेरी आली नाहीं, कांहीं दुखलें नाहीं. केवळ आणखी एकदां ढवळण्याचें बळ उरलें नाहीं. धाकट्या जाऊबाईंनीं मुकाट्यानें उलथनें हातांतून घेतलें. आम्ही आंतल्या खोलींत जाऊन दार लोटलें, तों बाहेर कोणीसें म्हणालें, "आतां तर उपचार संपले ना?" त्या प्रश्नांत टोमणा नव्हता, खरोखरचीच शंका होती. तरीही आम्हांस रडूं आलें. हा थकवा रात्रभर झोंपूनही जात नाहीं, आणि तो कांहीं आठवडे, क्वचित् कांहीं महिने टिकतो. परंतु न सांगतां लोकांस तें कळावें कसें?

दुसरा प्रसंग याहून लागला. पुतण्याचा चार वर्षांचा मुलगा नित्याप्रमाणें मांडीवर बसावयास धांवत आला, तोंच त्याच्या आईनें त्यास उचलून नेलें. "मोठ्या आजीच्या अंगांत किरण आहेत, बाळ. इतक्यांत जवळ जायचें नाहीं," असें ती दाराआड त्यास हलक्या आवाजांत समजावीत होती. मुलगी शिकलेली, मायाळू. चूक तिची नव्हे. मनांतली भीति तिनें विचारली नाहीं, आणि आम्हीं आपण होऊन तिचें निरसन केलें नाहीं. यंत्रांतून बाहेरून दिलेले किरण अंगांत साठून राहत नाहींत. दिवा मालवल्यावर कोनाड्यांत उजेड उरत नाहीं, तसेंच हें. किरणोत्सर्गी द्रव्य शरीरांत ठेवण्याचे कांहीं निराळे उपचार असतात व त्यांचे नियमही निराळे असतात. पण आमचे उपचार त्यांतले नव्हते.

त्या रात्रीं सासूबाई आमच्या खोलींत आल्या. वय वर्षें चौऱ्याऐंशी. दार लावून घेत म्हणाल्या, "दाखव पाहूं काय झालें आहे तें." आम्ही संकोचलों. तेव्हां त्या खालीं बसल्या आणि आत्याबाईंची हकीकत सांगूं लागल्या. १९६२ सालीं सासूबाई या घरांत नव्या सून म्हणून आल्या, तेव्हां सासऱ्यांच्या आत्या माजघरामागच्या खोलींत असत. बालविधवा, कामाला वाघ. त्यांनीं छातींतली गांठ दोन वर्षें पदराखालीं झांकून ठेविली. ती फुटली तेव्हां खोलींत कापूर जाळीत, आणि कोणी विचारल्यास "छातीचें दुखणें" एवढेंच सांगत. त्याच दुखण्यांत त्या गेल्या. "मी रोज त्यांचीं फडकीं धूत होतें," सासूबाई म्हणाल्या, "पण काय झालें आहे, हें मीं एकदांही विचारलें नाहीं."

परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें होतें, म्हणजे त्या वेळीं त्यास एकवीस वर्षें झालीं होतीं. तेव्हांचे उपचार आजच्या तोडीचे नव्हते, आणि आत्याबाई हटकून वांचल्या असत्या असें म्हणतां येणार नाहीं. परंतु मुंबई साताऱ्याहून जितकी दूर होती, त्याहून माजघर ओसरीपासून अधिक दूर होतें, हें मात्र खरें.

आम्हीं पदर बाजूला केला. सासूबाईंनीं नीट पाहिलें आणि म्हणाल्या, "एवढें सोसून शिरा भाजावयास बसलीस? वेडी कुठली!"

दुसऱ्या दिवशीं रात्रींच्या जेवणाच्या वेळीं, पुरुषमंडळीही बसलेलीं असतांना, आम्हीं रोगाचें नांव घेऊन सर्व कांहीं सांगितलें. यजमान प्रथम ताटाकडेच पाहत राहिले. नंतर मात्र प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली! लेपही सुचले: कोणी हळद, कोणी कोरफड, कोणी साजूक तूप. आम्हीं डॉक्टरांनीं दिलेल्या मलमाखेरीज कांहीं लावलें नाहीं. कोमट पाणी, मऊ सैल सुती कपडे, आणि उटणें, सुगंधी साबण व चोळणें वर्ज्य, एवढें पाळलें; महिन्याभरांत त्वचा भरून आली. सकाळचा स्वयंपाक जाऊबाईंकडे गेला, आणि बसल्या जागीं भाजी निवडण्याचें काम आमच्याकडे आलें. नुसतें पडून राहून थकवा हटत नाहीं, थोडें चालण्यानें कमी होतो, असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. म्हणून संध्याकाळीं यजमान बरोबर निघूं लागले. पहिल्या दिवशीं कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, आणि महिन्यानंतर राजवाड्यापर्यंत.

खांदा आंखडूं नये म्हणून भिंतीवर बोटें चढवीत हात वर नेण्याचा व्यायाम होता. त्यास आम्हांस एक शिक्षक लाभले. मुलाच्या आईनें स्वतःच त्यास मांडीवर आणून बसविलें होतें, आणि डोळे पुसून "मोठ्या आई, चुकलें माझें" असें म्हणाली होती. तेव्हांपासून तो रोज पेन्सिल घेऊन उभा राही, आणि बोटें पोंचतील तेथें स्टुलावर चढून रेघ ओढी.

आज या गोष्टीस सात महिने झाले. दुपारीं अजून थकवा येतो; कातडीवर काळसर छटा आहे; तपासणीचा दिवस जवळ आला कीं झोंप उडते. तेव्हां पुरतें बरें झालों असें आम्ही म्हणत नाहीं. बरें होत आहों, एवढें म्हणतों. वाचकभगिनींनों, अंगावर गांठ लागली, तर ती दुखत नाहीं म्हणून झांकूं नका. बहुधा ती आरंभीं दुखत नाहींच. आणि उपचार घेऊन घरीं परतलांत, तर काय होतें आहे तें घरच्यांस शब्दांत सांगा.

गेल्या महिन्यांत भिंतीस रंग द्यावयाचा निघाला. सासूबाईंनीं रंगाऱ्यास निक्षून सांगितलें, "त्या रेघांना हात लावावयाचा नाहीं."