लांब नाकाचा ट्रक

यंदा माझ्या हातून एक काम झाले. शेतकऱ्याने ते करू नये, असे आमच्या गावातल्या निम्म्या मंडळींचे मत आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले आणि त्यातले दोन लाख पंधरा हजार रुपये मी साठी उलटलेल्या एका ट्रकमध्ये घातले. तोही धड दुरुस्त झालेला नाही, अर्धा झालेला. रस्त्यावर तो चालवता येत नाही. त्यात माल भरून कळमन्याला नेता येत नाही. मग घेतला कशाला, असे तुम्हीही विचाराल. आमच्या सासूबाईंनी विचारले, जावयाने विचारले, दूधवाल्यानेसुद्धा विचारले.

काटोल भागातले आमचे घर. १९६७-६८ च्या सुमाराची गोष्ट, मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. बाबूजी संत्रा नागपूरला न्यायचे तेव्हा ट्रक भाड्याने यायचा. हौद्यात खाली तणीस पसरायची, तिच्यावर संत्रा, पुन्हा तणीस. रात्री जेवणे झाली की गाडी निघायची आणि पहाटेच्या आत नागपूरच्या संत्रा मार्केटात उभी राहायची. त्या ट्रकला लांब, गोल नाक होते आणि नाकावर तीन टोकांची चांदणी. थंडीच्या दिवसांत ड्रायव्हर एक खटका ओढून धरायचा, तोंडाने आकडे मोजायचा आणि मग सेल्फ मारायचा. आत हीटरचे प्लग तापायला वेळ लागतो, हे मला कुठले ठाऊक? मला वाटायचे, तो मंत्रच म्हणतो आहे. मला केबिनमध्ये बसायला मिळायचे ते इंजिनच्या बाजूला. पाय भाजायचे, पण तक्रार केली नाही. केली असती तर पुढच्या खेपेला कोणी नेले नसते.

त्या चांदणीची हकीकत थोडक्यात सांगतो. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. १९६९ साली करार संपला, चांदणी गेली आणि नाकावर टाटांचे 'टी' अक्षर आले. तेव्हा चांदणीची गाडी दिसली की ती १९६९ च्या आधीची समजायची. मात्र चांदणी कबाड्याकडेही विकत मिळते, हे विसरू नका. टाटांचे आणि आपल्या नागपूरचे नाते तर त्याहून जुने. जमशेदजींनी एम्प्रेस मिल सुरू केली ती इथेच, १८७७ साली. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीचे डॉज आणि फार्गो ट्रकही त्या काळी रस्त्यावर दिसत, पण आमच्या रस्त्याने फिरला तो चांदणीवालाच.

हा ट्रक वाडीला आहे, असे कळमन्यातल्या एका ओळखीच्या अडत्याने सांगितले. अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टची गोदामे आहेत, तिथेच मागच्या गल्लीत एक जुने मिस्त्री राहतात. त्यांनी सहा वर्षे खपून गाडी अर्धी उभी केली आणि मग काम थांबवले. मागणी तीन लाख साठ हजारांची. मी सौभाग्यवतींना घेऊन गेलो. तिला ट्रकची हौस म्हणून नव्हे. मी भुरळून जाईन, हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

झालेही तसेच. लाल रंगाची केबिन, चकचकीत नाक, चांदणी जागच्या जागी. मिस्त्रींनी सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात बायको बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाली, "अजी, हे तं आधीचंच गरम हाये."

चुलीवरची भांडी हाताळणाऱ्या बाईला हे समजायला काय लागते? आम्ही यायच्या आधी गाडी एकदा सुरू करून ठेवली होती. मिस्त्री म्हणाले, बॅटरी चार्ज करायला लावली होती. असेल. पण गरम इंजिन सगळी दुखणी झाकते. मी म्हटले, "उद्या सकाळी येतो, तवा गार राहू द्या जी." ते लगेच हो म्हणाले. त्यांच्या 'हो'मुळे माझा अर्धा संशय गेला, अर्धा राहिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीचे एक मिस्त्री बरोबर घेतले. त्यांचा रोज आणि जेवण माझ्याकडे. गाडी पाहायला स्वतःचा माणूस नेताना त्याला एक गोष्ट नीट सांगा, की गाडी नाही घेतली तरी तुझी मजुरी ठरल्याप्रमाणेच मिळेल. नाहीतर त्यालाही वाटते, व्यवहार झाला तर बरे.

त्यांनी आधी इंजिनला हातच लावला नाही. रेडिएटरचे झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहिले. ऑईलची काडी काढून कापडावर पुसली. ऑईल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी आत शिरते आहे, असे समजावे. इथे दोन्ही ठीक होते. मग हीटर, आकडे, सेल्फ. गार इंजिन तिसऱ्या प्रयत्नाला लागले, थोडा पांढरा धूर आला आणि गरम होताच निवळला. निळा धूर येत राहिला तर रिंगा गेलेल्या असतात आणि ऑईल जळते. दाट काळा आला तर नोझल-पंपाकडे पाहावे. शेवटी ऑईल भरायचे झाकण चालू इंजिनवर काढून त्यांनी तिथे तळहात धरला. भकाभका वारा आला तर सिलिंडर झिजलेले. वारा अगदी हलका होता. इंजिनचे काम खरोखर मन लावून केलेले होते.

मग त्यांनी खिशातून जुन्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक काढला आणि फडक्यात गुंडाळून केबिनवरून फिरवला. नाकावर चिकटला, छताकडेला चिकटला, पण दारांच्या खालच्या हातभर पट्ट्यावर घसरून पडला. तिथे पत्रा नव्हताच, लांबी भरून वर रंग दिला होता. त्या काळी कारखान्यातून बहुधा चेसिस आणि नाकच यायचे. केबिन आणि हौदा आपल्याकडचे बॉडीवाले लाकडाच्या सांगाड्यावर बांधायचे. म्हणून पत्र्यामागचे लाकूड पाहावे लागते. पेचकस टोचला तर डाव्या दाराची चौकट भाकरीसारखी भुसभुशीत. पण लाकूड आणि पत्रा ही दुखणी वरवरची. सुतार आहे, डेंटर आहे, होऊन जाते.

खरे दुखणे खाली होते. मिस्त्री गाडीखाली शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात. मागच्या पाट्याचा ब्रॅकेट जिथे चेसिसला बसतो, तिथला काळा रंग त्यांनी चाकूने खरवडला होता. मला खाली बोलावून बोट ठेवले. वीतभर वेल्डिंग. चेसिसला कधीतरी चीर गेली होती आणि ती वेल्डिंग मारून, घासून, रंगवून टाकलेली. बैलगाडीच्या साटीला तडा जावा तसे हे. ट्रकची चेसिस रिव्हेट मारून जोडलेली असते ती मुद्दाम, कारण ओझ्याखाली तिला थोडे वाकावे, पिळावे लागते. कोणी नुसते वेल्डिंग मारून जागा कडक केली की तिच्या शेजारून पुन्हा चीर जाते. चिरेच्या टोकाला भोक पाडून, आतून पोलादी पट्टी बसवून, बोल्ट-रिव्हेटने बांधली तर चालते. पण ते काम जाणत्याचे, खर्चाचे.

मी विकणाऱ्या मिस्त्रींना तिथेच विचारले. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "ते वेल्डिंग जुनं हाये, माझ्या आधीचं. पन रंग मीच मारला, खोटं कायले बोलू?"

चाके उचलून पाहिली. पुढच्या चाकाला वर-खाली धरून हलवले तर खडखड, म्हणजे किंगपिन झिजलेल्या. टायर दिसायला बरे, पण बाजूंना भेगा. सहा टायर आणि एक स्टेपनी म्हणजे किती रुपये, ते तुमच्या गावातल्या कोणत्याही ट्रकवाल्याला विचारा. हे सगळे चालले असताना बायकोने एकच प्रश्न विचारला, "चालते तं हे, पन थांबते का?" आम्ही तीन पुरुष एकमेकांकडे पाहत राहिलो. ब्रेकच्या नळ्या बसवलेल्याच नव्हत्या.

आता कागदांचे सांगतो, कारण लोक इथेच फसतात. आर.सी. बुकावर नाव मिस्त्रींचे नव्हते, त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाचे होते. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः कागद ठेवून, पेन्सिल घासून उतरवून घ्या. आमचे जुळले. पण मेलेल्या माणसाच्या नावाची गाडी धाकटा भाऊ कसा विकेल? आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावे करायची, बाकीच्या वारसांची संमती घ्यायची आणि मग नमुना २९ व ३० वर विक्री. शिवाय गाडी उभी असली, तरी वापरात नाही असे आर.टी.ओ.ला आगाऊ कळवलेले नसेल तर कर चढतच जातो. ही थकबाकी कोणाकडे, ते आधी लिहून घ्यावे. जुन्या कर्जाचा बोजा आर.सी.वर असेल तर तोही उतरवून घ्यावा लागतो.

माझा आणखी एक भ्रम तिथे गेला. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. मला वाटले, आपल्या गाडीलाही मिळेल. पण ते नियम दुचाकी आणि मोटारगाड्यांसाठी आहेत, मालाच्या ट्रकसाठी नाहीत. ट्रक रस्त्यावर आणायचा तर मालवाहू गाडीचे दरवर्षीचे फिटनेस आणि कर हे सगळे आलेच. आणि या गाडीचे फिटनेस संपून वीस वर्षे झालेली.

मी सौदा सोडून उठणार होतो. तेवढ्यात बायको आतून, मिस्त्रींच्या घरच्या बाईंजवळून आली. चहा होईपर्यंत त्या दोघी बोलत बसल्या होत्या. तिने मला बाजूला घेतले. मिस्त्रींची दृष्टी गेली होती. पूर्ण नाही, पण डोळ्यांपुढे धुके. इंजिन त्यांनी बरीचशी हातांनी चाचपून जोडले. ब्रेकचे काम आल्यावर मात्र थांबले, कारण तिथे चूक झाली तर माणूस मरतो. गिऱ्हाइकाला हे सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर केलेल्या कामावरही कोणी विश्वास ठेवला नसता.

आमचे मिस्त्री म्हणाले, "एक पंचाहत्तर म्हना, घेतेत ते. त्याईच्यानं आता पुरी होत नाई." खरे होते, आणि एक पंचाहत्तरला गाडी मिळालीही असती. पण मी ते म्हणू शकलो नाही. चेसिस, टायर, लाकूड, किंगपिन यांचा खर्च मांडून, मागणीतून वजा करून जो आकडा आला तो दोन लाख पंधरा हजार. डोळ्यांचा हिशेब त्यात धरला नाही. त्यांनीही घासाघीस केली नाही.

बायकोने मात्र दोन अटी घातल्या. नव्या कलमांच्या ठिबकचे पैसे आधी बँकेत बाजूला पडतील. आणि वारसांच्या सह्या झाल्याशिवाय वीस हजारांच्या विसारावर एक रुपया जाणार नाही. सह्यांना अडीच महिने लागले. एक पुतण्या रायपूरला होता.

गाडी आणायची तर चालवून आणता येत नव्हतीच. हायड्रा लावून दुसऱ्या लांब गाडीवर चढवली. त्यालाच सतरा हजार गेले. तुम्ही कधी अशी गाडी घेतलीत तर हा खर्च किमतीतच धरा, मी धरला नव्हता. वाटेत मुले मोबाईलवर फोटो काढत होती.

आता ती गोठ्याशेजारी उभी आहे. चेसिसला पट्टी बसली, ब्रेकचे काम चालू आहे. बाहेर रस्त्यावर नेणार नाही. बागेतून घरापर्यंतच्या आपल्याच वाटेने दिवाळीपर्यंत एक खेप करायची, एवढेच मनात आहे. आमच्याकडे इंजिन पहिल्यांदा सुरू केले त्या दिवशी वाडीच्या मिस्त्रींना मुद्दाम आणवले. ते केबिनमध्ये चढले नाहीत. नाकाजवळ खुर्ची टाकून बसले, कान तिकडे करून. इंजिन लागले, गावातली मंडळी टाळ्या वाजवू लागली. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले, क्षणभर ऐकले आणि म्हणाले, "दोन नंबरचा नोझल पाहा जी. थोडा थेंब टाकून राहिला."

काढून पाहिला, तर टाकत होता.