सेन्सर मोठा घ्यावा का छोटा? पानामागचे फुलकिडे काय सांगतात

द्राक्षबागेतले फोटो काढायला कॅमेरा घ्यायचा म्हणून पुण्यात जाऊन आलो. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की आपण मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवतो. ते म्हणतात, नीट दिसत नाही, परत पाठवा. यात दिवस जातो, आणि डाऊनी काही आपल्यासाठी थांबत नाही.

दुकानदार आधी मेगापिक्सल सांगतो. तुम्ही सेन्सरचं माप विचारा. माझ्यापुढे दोन होते, कॅनन १५००डी आणि ऑलिंपस टीजी-६. कॅननचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, ऑलिंपसचा साधारण ६.२ बाय ४.६. क्षेत्र जवळजवळ बारापट. छोट्याच्या कागदावर १/२.३३ इंच लिहिलेलं असतं, पण पट्टी लावून तो इंच शोधू नका. ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या मापावरून चालत आलंय.

कॅनन २४ मेगापिक्सल, ऑलिंपस १२. म्हणजे झाडं दुप्पट पण रान बारापट. मोठ्यात एकेका पिक्सलच्या वाट्याला सहापट जागा, म्हणून उजेड जास्त पडतो आणि अंधारात फोटोला रवा कमी येतो. पण सोबतची लेन्सही बघायची. ऑलिंपसची एफ २ पर्यंत उघडते, कॅननसोबत मिळणारी १८-५५ मात्र ३.५ पासून ५.६. त्यामुळं फरक कागदावर दिसतो तेवढा राहत नाही.

मी घरून पानं डब्यात घालून नेली होती. लक्ष्मी रोडच्या दुकानातला पोरगा आधी हसला, मग स्वतःच वाकून बघायला लागला. पूर्ण पानाचा फोटो कॅननचा सरस, तेलकट डागाचा रंग अगदी खरा. फुलकिड्याला मात्र तो कामाचा नाही. किडा जेमतेम मिलिमीटरभर, आणि ती लेन्स २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. त्यात मोठ्या सेन्सरवर जवळून घेतलं की एक शीर स्पष्ट, बाकी पान धूसर. ऑलिंपस मायक्रोस्कोप मोडवर १ सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि सेन्सर छोटा असल्यानं पान वाकडं असलं तरी बरंचसं फोकसमध्ये राहतं. पिल्लांचे पाय मोजता आले, राव!

कॅननला वेगळी मॅक्रो लेन्स मिळते, पण तिचे पैसे वेगळे. शिवाय पहाटे दवात, फवारणीच्या दिवशी कॅमेरा भिजणारच. ऑलिंपस पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो. मी तोच घेतला. ज्यांना प्लॉटचे, कार्यक्रमाचे फोटो काढायचेत त्यांनी मोठा सेन्सर घ्यावा, त्यात दुमत नाही.

आणि एक, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो बारीक होऊन जातो. डॉक्टरांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवत जा.