पावसात भेटलेला राजा

जूनमध्ये आम्ही रत्नागिरीला गेलो आणि पावसाने गाठलंच! भाट्ये किनाऱ्यावर वाळूचे किल्ले करायचे राहिले. मुलं खिडकीशी रुसून बसली. कागदी होड्या झाल्या, भेंड्या झाल्या, भाजलेल्या आठळ्याही संपल्या. शेवटी छत्र्या घेऊन थिबा पॅलेस गाठला.

इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कैद केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला.

"म्हणजे तो घरी गेलाच नाही?" धाकटीने हळूच विचारलं.

नाही. तीस वर्षं तो इथेच अडकला होता. आमचा तर एकच दिवस! परतताना कुणीच कुरकुरलं नाही.

तुम्हीही कुठे पावसात अडकलात, तर त्या गावाची गोष्ट शोधा हं!