मोतीची हद्द



गेल्या श्रावणात आमच्या मोतीने घरकामाच्या ताईंच्या हाताला दात लावले. जखम छोटी होती, पण रक्त आलं. वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं साबणाने हात धुतला आणि तडक इंजेक्शनसाठी त्यांना दवाखान्यात नेलं. मोतीला दरवर्षी रेबीजची लस देतो, तरी डॉक्टरांनी ताईंची इंजेक्शनं पूर्ण करायला सांगितली. "जाऊ द्या काकू, मुकं जनावर आहे," असं त्याच मला म्हणाल्या. त्या संध्याकाळी सामायिकाला बसले, पण मन लागेना. मुंगीला जपणारे आपण, आणि आपल्याच घरात रोजच्या माणसाला इजा!

चूक आमची होती. मोती लहान असताना जिन्यात पाऊल वाजलं की भुंकायचा आणि आमचे हे कौतुकाने "शाबास, राखणदार!" म्हणायचे. मग तो खिडकीजवळच्या सोफ्याशी कुणी आलं की गुरगुरू लागला. तेव्हा वर्तमानपत्राच्या गुंडाळीचे फटके बसले. गुरगुरणं थांबलं, आम्हाला वाटलं सुधारला. पण प्राण्यांच्या डॉक्टरांनी समजावलं, गुरगुरणं हा त्याचा इशारा होता. मारामुळे इशारा बंद झाला, धास्ती तशीच राहिली. ताई सोफ्याखालून केरसुणी फिरवायला वाकल्या आणि त्याने थेट तोंड टाकलं.

मी बी.कॉम. झालेली, हिशेबाची सवय सुटत नाही. जुन्या डायरीत मोतीची कीर्द लिहायला घेतली: किती वाजता, कोण आलं, हा कुठे होता, काय केलं. १५ दिवसांत दिसलं, जवळजवळ सगळ्या नोंदी दोनच जागांच्या. सोफा आणि दार. गच्चीवर किंवा रस्त्यात तो कुणाच्या वाटेला जात नव्हता.

मग सोफाच खिडकीपासून हलवला आणि खालच्या काचांना पांढरा कागद लावला. रस्ता दिसेना, तसं भुंकणं बरंच उतरलं. त्याची सतरंजी आतल्या खोलीत टाकली. बेल वाजली की सतरंजीवर जायचं, तिथे पनीरचा तुकडा मिळणार. नातवाने हौसेने बेल वाजवून वाजवून सराव घेतला. सोफ्यावर चढलाच तर पट्टा धरून ओढायचं नाही, खाली बोलवायचं, उतरला की तुकडा. (कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, म्हणजे आपल्याकडे ती काळजी नाही. पण मनुका आणि द्राक्षंही घातक असतात, आणि मी लाडाने मनुका भरवत होते!) रात्री आमचा चौविहार असतो, मोतीचा नसतो, त्यामुळे उशिरा बेल वाजली तरी त्याला तुकडा मिळतो. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

चार महिने लागले. पूर्ण बदलला असं म्हणणार नाही. लहान मुलं घरी येणार असतील तर तो आतल्या खोलीत, दार लावून.

क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्यांत आधी ताईंची क्षमा मागितली. त्या संकोचल्या, आणि दुसऱ्या दिवशी "तुकडा मीच टाकून बघते," म्हणाल्या. आता त्या उंबऱ्यापाशी थांबून "मोती, जागेवर!" म्हणतात, तो गेला की मगच चपला काढतात. तुकडा मात्र माझ्यापेक्षा मोठा टाकतात.