मेंदीच्या मुळाशी



बेळगावातल्या आमच्या दफनभूमीला तीन बाजूंनी दगडी गडगा आहे आणि चौथ्या, रस्त्याकडच्या बाजूला मेंदीचं कुंपण. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत कुंपणासाठी ‘प्रिव्हेट’ नावाचं झुडूप सांगतात. आपली मेंदी त्या घराण्यातली नव्हे, ती डाळिंबाच्या आणि तामणाच्या कुळातली. पण इंग्रजीत तिलाही इजिप्तचं प्रिव्हेट म्हणतात. पवित्र शास्त्रातही ती आहे. गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायात एन-गेदीच्या मळ्यांतली मेंदीची फुलं येतात. हातावर रंगते तीच ही.

गेल्या ऑक्टोबरात हे कुंपण फिकट, पिवळसर दिसत होतं. तसं होणारच. चार महिने आमच्याकडे जो पाऊस कोसळतो त्यात लाल मातीतलं नत्र धुऊन जातं. 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस, घराघरातली माणसं कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येणार. त्याआधी कुंपण हिरवंगार दिसावं, अशी मला घाई. माळीमामा गावी गेले होते. मी युरियाची पाच किलोची पिशवी आणली आणि शनिवारी भर दुपारी पंचवीस मीटर कुंपणाच्या बुंध्यांशी ओतून मोकळा झालो. पाणी? पाऊस येईलच म्हटलं. आला नाही.

युरियात शंभरात 46 भाग नत्र असतं. एवढ्या कुंपणाला मीटरमागे लहानशी मूठभर, तीही ओल्या मातीत, बुंध्यापासून वीतभर लांब आणि लगेच वर पाणी, एवढं पुरलं असतं. मी मीटरमागे दोनशे ग्रॅम टाकला होता. इतकं खारं झाल्यावर माती मुळांना पाणी देत नाही, उलट त्यांच्यातलंच ओढून घेते. चार दिवसांत शेंडे करपले, आठवड्यात पानं गळली. 2 नोव्हेंबरला मधल्या भागात नुसत्या काटक्या उभ्या होत्या आणि त्यातून वाट काढून आलेली शेळी एका लहान मुलाच्या कबरीवरचा शेवंतीचा हार खात होती. त्या मुलाची आई काही बोलली नाही. शेळीला हाकलून तिने उरलेली फुलं नीट मांडली.

इथवरची चूक अडाणीपणाची होती. पुढची नव्हे.

मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, माळ्याने लक्ष दिलं नाही. दुसऱ्याने सुचवलं, मेंदी उपटून लोखंडी जाळी बसवू. जाळी पुढे ढकलली गेली, पण मामांच्या पगारातले पाचशे रुपये कापायचं ठरलं. मी तिथेच बसलो होतो. बैठकीचा वृत्तांत मीच लिहितो. ते पाचशे रुपयेसुद्धा माझ्याच अक्षरात आहेत.

मामांनी काही विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी नखाने एक काटकी खरवडून बघितली, खाली हिरवं दिसलं. मग चार दिवस बादलीने पाणी ओतून माती धुतली आणि करपलेलं सगळं गुडघ्याच्या उंचीवर छाटलं. मी लांबून बघत होतो.

उपवासकाळातल्या तिसऱ्या रविवारी लूकच्या तेराव्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला वाचला गेला. हा दाखला मी मुलांना कितीदा शिकवलाय! दरवेळी सांगायचो की झाड म्हणजे आपण. त्या दिवशी लक्ष गेलं ते माळ्याकडे. मालक तोडून टाक म्हणतो, आणि तो अजून एक वर्ष मागतो. आधी भोवती खणीन म्हणतो, मग खत घालीन. म्हणजे वाकणार तो, शेणाची पाटी उचलणार तो, आणि झाड फळलं नाही तर बोलणी खाणारही तोच. मिस्सा संपेपर्यंत मला वर बघवेना.

पापनिवेदन केलं. फादरांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मामांना सांगितलंत का?”

ते जास्त अवघड होतं. संध्याकाळी मामा नळीची गुंडाळी करत होते, तिथे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “ठाव होतं की, सर. बुंध्याला पांढरे दाणे बघितले होते मी.” मग म्हटलं, बोलला का नाहीत? “तुम्ही बोलाल म्हटलं.” पाच महिने ते थांबले होते.

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं आणि ते पाचशे रुपये माझ्या खिशातून दिले. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर आम्ही दोघांनी बुंध्यापासून फूटभर अंतरावर उथळ चर खणला. मामांनी सांगितलेलं तुमच्याही उपयोगाचं आहे म्हणून लिहितो. शेणखत वर्षभर कुजलेलं, मातीसारखा वास येणारं हवं. ताज्या शेणाने मुळं तापतात आणि हुमणी येते. सोबत थोडी निंबोळी पेंड. वरून माती, त्यावर वाळक्या पानांचा थर, पण बुंध्याला काही टेकू द्यायचं नाही. चर मी खणला. पाटी उचलायला गेलो तर मामांनी दुसरी कडी धरली.

मधे अजून दोन हातांची फट आहे. तिथली तीन झाडं गेलीच. मामांनी जुन्या कुंपणाच्या काड्या पिशव्यांत लावल्यात, त्यातल्या चारांना पानं आलीत. तोवर फटीत बाभळीच्या फांद्या रोवल्या आहेत, शेळीसाठी.