दादाची दोन वर्षे

‘बार असोसिएशन’ हे शब्द आमच्या घरात फार वर्षे तक्रारीच्या सुरातच उच्चारले गेले. उच्चारणारी बहुतेक वेळा वहिनी. दिवेलागण होऊन तास उलटला आणि दादा कोर्टातून परतला नाही, की ती मला विचारी, “भाऊजी, तुमच्या बंधूंची आज कुठली कमिटी?”

दादा बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुका कोर्टात वकिली करीत असे. वकिली बेताची, पण वकील संघटनेच्या ग्रंथालय समितीचे काम मात्र तो देवस्थानच्या पंचासारखा निष्ठेने बघे. मी हायस्कुलात हेडमास्तर. समित्या मला नव्या नाहीत. स्नेहसंमेलनाची समिती, सहलीची समिती, इमारत निधीची समिती. या साऱ्यांतून शेवटी चहाचे बिल आणि अर्धवट इतिवृत्त एवढेच निघते, असे माझे अनुभवसिद्ध मत होते. त्यामुळे या वादात मी कायम वहिनीच्या पक्षाचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये दादा गेला. वय ६४. आदल्या दिवशी कोर्टात उभा होता.

पाचव्या दिवशी कोर्टात शोकसभा झाली. न्यायाधीश, वकील, कारकून, शिपाई सारे उभे राहिले. एक जण कन्नडात बोलले, एक मराठीत. दोन मिनिटे शांतता झाली आणि नंतरचे कामकाज त्या दिवसापुरते थांबले. बाहेर पायऱ्यांवर एक म्हातारा पक्षकार कपाळाला हात लावून बसला होता. “वकील गेला, देव त्याचं भलं करो, पण माझी तारीखही गेली की हो,” असे तो शेजाऱ्याला सांगत होता. मला राग आला नाही. उलट दादाने ते ऐकले असते तर तोच पहिल्यांदा हसला असता. कामकाजावर बहिष्काराचे ठराव येत तेव्हा तो एकटाच विरोधात हात वर करी, असे मला त्या दिवशी कळले. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. तरी गावाला वकील संघटना दिसते ती संपात आणि निवडणुकीत. मलाही तेवढीच दिसत होती.

शोकसभा संपल्यावर संघटनेचे कारकून मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, वहिनींना फॉर्म भरायला लावा. उशीर नको.”

फॉर्म होता वकील कल्याण निधीचा. हे प्रकरण मला अगदीच नवे होते. शिक्षकाला निवृत्तिवेतन असते, फंड असतो. नोकरशाहीला आपण कितीही नावे ठेवली तरी पहिल्या तारखेवर तिचे उपकार असतात. वकिलाला पहिली तारीख नाही. त्याला असतात त्या नुसत्या तारखा. म्हणून आपल्या राज्यात १९८३ साली या निधीचा कायदा झाला. पक्षकार वकिलाला वकीलपत्र देतो, त्यावर कोर्टाच्या फीच्या तिकिटाबरोबर या निधीचेही एक तिकीट डकवावे लागते. त्या तिकिटांचे पैसे निधीत जमतात आणि वकील निवृत्त झाला किंवा गेला, की किती वर्षे वकिली केली याच्या हिशेबाने रक्कम मिळते. वर्षांनुवर्षे दादा जिभेने ओली करून जी तिकिटे चिकटवत होता, ती अशी कुठे कुठे साठत होती. घरी त्याने हे एकदाही सांगितले नाही. मीही कधी विचारले नव्हते.

आता ही वर्षे मोजायची कोणी? बेंगळुरूच्या वकील परिषदेला आमच्या तालुक्यातला वकील रोज कोर्टात येतो की शेती बघतो, हे कसे कळणार? ते सांगायचे स्थानिक संघटनेने. म्हणजे सभासदांची यादी, वर्गणीची वही आणि कार्यकारिणीचा दाखला. ज्या वह्यांना आम्ही हसत होतो, त्या वह्या आता वहिनीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

आणि त्या वहीत दोन वर्षे कोरी निघाली.

१९८४ साली दादाने सनद घेतली. बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजातून पदवी घेऊन तो आला, त्या वर्षापासून वर्गणी नीट भरलेली. मग १९९७ ते १९९९ काहीच नाही. पुढे पुन्हा शेवटपर्यंत एकही महिना चुकलेला नाही. कारकून अवघडून म्हणाले, “सर, या दोन वर्षांचं काय लिहायचं? प्रॅक्टिस बंद होती असं धरलं तर वर्षं कमी होतात.”

काय झाले होते ते मला ठाऊक होते. सीमाभागात वाढलेल्या कोणालाही ते सांगावे लागणार नाही. संघटनेच्या वार्षिक सभेची नोटीस तोवर इंग्रजीत निघे आणि खाली मराठीत दोन ओळी असत. १९९७ साली नवी कार्यकारिणी आली आणि नोटीस नुसत्या कन्नडात लागली. दादा सेक्रेटरींकडे गेला. सेक्रेटरी म्हणाले, राज्याची भाषा आहे. दादा म्हणाला, सभासदांचीही एक भाषा आहे. शब्दाला शब्द लागला. फळ्यावरची नोटीस दादाने काढून टेबलावर ठेवली, फाडली नाही. पण गावात ‘फाडली’ असेच पसरले. त्यानंतर त्याने बार रूममध्ये पाऊल टाकले नाही. कोर्टासमोरच्या चहाच्या गाड्याजवळ बाकावर बसून पक्षकारांशी बोलायचा, काळा कोट सायकलच्या हँडलला. वकिली करायला सनद लागते, संघटनेचे सभासदत्व नव्हे, असे तो ठणकावून सांगे. कायद्याने ते बरोबरही होते. फक्त त्याची किंमत २७ वर्षांनी वहिनीला मोजावी लागणार, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

तो परत गेला कशासाठी? समेटासाठी नव्हे. पुस्तकांसाठी गेला.

हे मला ग्रंथालयाच्या कपाटांपुढे उभे राहिल्यावर कळले. दावा भरायच्या निमित्ताने चार-पाच वेळा तिथे जाणे झाले. एक लांब खोली, मधोमध जुने सागवानी टेबल, भिंतींना कपाटे. पहिल्या कपाटात ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’चे जाडजूड खंड. हे १८९९ पासून निघू लागले. आमचा जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि इथली अपिले मुंबईच्या उच्च न्यायालयात जात. दुसऱ्या दिवशी आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. त्या दिवसाची खूण त्या भिंतीवर आहे: मुंबईचे खंड एका फळीवर संपतात आणि पुढच्या फळीवर म्हैसूरचे सुरू होतात. सीमाप्रश्नावर मी आयुष्यात पुष्कळ भाषणे ऐकली, दोन-चार केलीही. पण तो असा फळीवर मांडलेला कधी पाहिला नव्हता. गंमत अशी, की राज्य बदलले तरी मुंबईचे कित्येक कायदे नवे कायदे होईपर्यंत इथे लागूच राहिले, त्यामुळे जुने खंड कोणाला हलवता आले नाहीत. जमिनीच्या जुन्या वादात कन्नड वकिलालाही मुंबईचाच निवाडा हुडकावा लागे.

१९९९ च्या पावसाळ्यात या खोलीचे छप्पर गळले आणि नेमके हेच खंड भिजू लागले. कोणीतरी गाड्यावर येऊन दादाला सांगितले. तो तडक आत शिरला. पुढचे आठ दिवस तो व्हरांड्यात पुस्तके उघडून वाळवीत होता, पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालीत होता. त्या आठ दिवसांत त्याच्याबरोबर खाली बसून पाने सुटी करणारा दुसरा माणूस म्हणजे तेच, १९९७ चे सेक्रेटरी. महिनाअखेर दादाने वर्गणी भरली. ग्रंथालय समिती तेव्हा त्याच्या गळ्यात पडली, ती शेवटपर्यंत. वार्षिक नोटीस पुढे दोन्ही भाषांत लागू लागली की नाही, असे वाचक विचारतील. काही वर्षे लागली, काही वर्षे नाही. कार्यकारिणी कोणाची, त्यावर ते ठरते.

या समितीचे काम काय, तेही ऐकण्यासारखे आहे. ज्या पोराने नवी सनद घेतली त्याच्याजवळ पुस्तके घ्यायला पैसे नसतात. निवाड्यांचे खंड दरवर्षी येत राहतात, त्यांना अंत नाही. तेव्हा ज्युनियर सकाळी ग्रंथालयात टाचण काढतो आणि अकराला न्यायाधीशापुढे उभा राहतो. एखाद्या शेतकऱ्याचा दावा टिकतो की पडतो, हे कधी कधी सकाळी नऊला कपाट उघडे होते की बंद, यावर अवलंबून असते. दादा साडेआठला घरून का निघायचा, याचा उलगडा मला हा असा झाला. वहिनी समजत होती, घरची कामे टाळायला. २०२४ च्या १ जुलैला भारतीय दंड संहिता आणि बरोबरचे दोन कायदे जाऊन नवे तीन आले, तेव्हा दादाने शेवटची खरेदी केली: इंग्रजी, कन्नड आणि मराठी, तिन्ही भाषांतल्या प्रती. मराठीची काय गरज, यावर सभेत अर्धा तास वाद झाल्याचे इतिवृत्तात आहे. जुन्या दंड संहितेची पुस्तके रद्दीत काढा, अशीही एक सूचना होती. १ जुलैपूर्वीचे गुन्हे जुन्याच कायद्याने चालणार, पुस्तके अजून पुष्कळ वर्षे लागतील, असे सांगून दादाने ती हाणून पाडली.

तर मूळ प्रश्न, दोन कोऱ्या वर्षांचा. त्या वर्षांत वकिली चालू होती हे दाखवायला वकीलपत्रे हवीत. कारकुनांनी कोर्टाच्या दप्तरात चौकशी केली. निकाल लागलेल्या जुन्या प्रकरणांचे कागद मुदतीनंतर नष्ट होतात. दादाच्या डायऱ्या माळ्यावर सापडल्या, पण त्या दोन वर्षांच्या वाळवीने खाल्लेल्या. कोणी म्हणाले, सेक्रेटरींना भेटा. आता ते ऐंशीच्या घरात, वकिली सोडून बसलेले. वहिनी ताडकन म्हणाली, “त्यांच्या दारात मी जाणार नाही. त्यांच्यामुळेच तर हे झालं.” मला तिचे खोटे ठरवता येईना.

मी एकटाच गेलो. “बर्री मास्तर, कुंदर्री,” म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि पुढचे सारे आमच्याकडच्या त्या मराठीत बोलले, जिच्यात दर चौथा शब्द कन्नड असतो. मी काम सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, नोटिशीची आठवण निघणार. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि धुळीने भरलेल्या डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन आले. १९९७, १९९८, १९९९. वकील रोजच्या तारखा लिहितो, आपला पक्षकार कोण, पुढची तारीख कोणती आणि समोर वकील कोण. त्यांनी पाने उलटायला सुरुवात केली. समोर कोण, या रकान्यात दादाचे नाव. पुन्हा दादाचे. आठवड्यातून दोनदा, तीनदा.

“वकिली बंद होती म्हणतात?” ते म्हणाले. “दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, पण रोज माझ्याविरुद्ध उभा होता की. चार दावे हरवले मला.”

त्यांनी प्रतिज्ञापत्र करून दिले, डायरीच्या पानांच्या नकला जोडून. कार्यकारिणीची सभा झाली. निवडणूक तोंडावर होती आणि दोन्ही गट एकमेकांवर गुरगुरत होते. त्या सभेत पार्किंगच्या शेडपासून महिला वकिलांच्या खोलीपर्यंत एकाही विषयावर एकमत झाले नाही, असे कारकुनांनी सांगितले. (त्या खोलीचे आजही व्हायचे आहे. कायद्याने स्त्रियांना वकिलीचे दार १९२३ साली उघडले, आमच्याकडे अजून खोलीचे दार सापडत नाही.) दादाच्या दाखल्याचा विषय अकरावा होता. सूचक कन्नड, अनुमोदक मराठी, आणि चर्चा नाही. दाखल्यात ४० वर्षे अखंड वकिली असे लिहिले गेले.

निधीची रक्कम पुढल्या वर्षी आली. फार मोठी नाही. वहिनीच्या नावे बँकेत ठेवली. त्या दिवशी तिने मला विचारले, “भाऊजी, ते चार दावे कुठले हो?” मला सांगता आले नाही. तिने डबा भरला आणि मला बरोबर घेऊन ती स्वतः त्या म्हाताऱ्यांकडे गेली. दोघे तासभर बोलत होती. मी डायऱ्या चाळत बसलो.

गेल्या महिन्यात संघटनेचे पत्र आले, कन्नडात. वहिनीने नेहमीप्रमाणे ते माझ्याकडे वाचायला पाठवले. ग्रंथालयाच्या नोंदवहीत दादाच्या नावावर एक पुस्तक बाकी होते: ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’चा एक खंड, भिजलेल्यांपैकी, बांधणी करून घ्यायला म्हणून नेलेला. पत्राच्या मागच्या बाजूला कोणीतरी पेनने मराठीत लिहिले होते, “वहिनी, घाई नाही, पण शोधा.” तीन रविवार आम्ही माळा हुडकतो आहोत. बांधणीवाल्याचीही दोन दुकाने पालथी घातली. खंड अजून मिळालेला नाही.