कढीपत्त्यावरची अळी

चि. मुक्ता,


फोटो पाहिला. त्या अळीवर औषध मारू नकोस. चार पानं कमी पडली म्हणून फोडणी अडत नाही. ही कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी. ते जसं तुझ्या सिंगापूरला, तसंच आपल्याकडेही. लिंबू, बेल, कढीपत्ता या झाडांवर मादी एकेक सुटं अंडं घालते. अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी ढुंकून बघत नाहीत. मोठी झाली की हिरवी होते. काडीनं हलकेच डिवच, डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल.

पण खरी गोष्ट पंख फुटल्यावरची. नर सगळे सारखे, काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र भारतात तीन रूपांत दिसतात. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. वेगळ्या वाटणाऱ्या या माद्या एकाच जातीच्या, हे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसनं १८६५ मध्ये मांडलं. दोन्ही रोझ अळी असताना ईश्वरीच्या कुळातल्या वेली खातात आणि त्यातलं विष अंगात साठवतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉरमॉनच्या मादीकडे विष नाही, नुसता वेष आहे.

मग सगळ्याच माद्यांनी तो का घेतला नाही? तोतये फार झाले की पक्ष्यांना बिनविषारी घास वारंवार मिळतो आणि त्यांची भीती मोडते. वेष दुर्मीळ असेल तोवरच उपयोगी.

एकमेकांना चिकटलेली अनेक जनुकं मिळून हा वेष ठरवत असावीत, असा तर्क होता. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की सूत्रं एकाच जनुकाकडे आहेत. त्याचं नाव डबलसेक्स. कीटकांच्या शरीरात नर-मादीपण घडवणारं जनुकच इथे पंखांची नक्षीही ठरवतं! मला हा शोध फार मोठा वाटतो, आणि त्यात आपला मराठी माणूस आहे याचा अभिमानही.

वेष हुबेहूब असला तरी एक खूण राहतेच. रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं. लाल ठिपक्यांचं फुलपाखरू गॅलरीत आलं, तर पंखांवर भुलू नकोस. आधी अंगाचा रंग बघ आणि मला कळव.

तुझी,
मावशी